नव्वद की एकशे पस्तीस

बाजारपेठेतल्या त्या फोटो स्टुडिओची पायरी मी चार वर्षं चढलो नव्हतो. मी मोजणी खात्यात आहे. लोकांच्या जमिनी मोजायच्या, नकाशाशी ताडून बघायच्या आणि हद्द जिथे निघेल तिथे खूण करून द्यायची, हे माझं काम. ह्या कामात कोणी मित्र होत नाही. ज्याची जमीन वाढते त्याला वाटतं ती पहिल्यापासून आपलीच होती. ज्याची कमी होते तो जन्मभर शिव्या देतो. स्टुडिओवाल्याची मिरजोळ्याला वडिलोपार्जित जमीन आहे, ती कमी झाली. गेली एक चिंचोळी पट्टीच, पण त्या पट्टीत त्याच्या आजोबांनी कातळ फोडून खणलेली विहीर होती. ती शेजाऱ्याच्या बाजूला गेली.

सत्तरीला टेकलेला तो माणूस उन्हात उभा राहून सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, मशीन तपासा तुमचं."

मी म्हटलं, "मशीन मी रोज सकाळी तपासतो. तुम्ही तुमचे कागद तपासा."

दुसरं वाक्य बोलायची गरज नव्हती. पण बोललो, आणि बोलताना बरंही वाटलं. तेव्हापासून तो मला रस्त्यात दिसला की थुंकायचा. अंगावर नाही, बाजूला, पण मी बघत असतानाच. गावभर त्याने सांगितलं की मी शेजाऱ्याकडून पाकीट घेतलं. मी घेतलं नव्हतं. हे पटवून द्यायला मी कोणाच्या दारात गेलो नाही.

त्या पायरीवर मला परत जावं लागलं ते ताईमुळे.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिला तेराव्या वर्षी कोड फुटलं. आधी ओठाच्या कडेला, मग डोळ्याभोवती, मग उजवा अर्धा गाल आणि हनुवटी. तिचं लग्न झालं नाही. तिने सरकारी नोकरी धरली आणि मंडणगडला बदली मागून घेतली, जिथे आपलं कोणी नाही अशा ठिकाणी. तीस वर्षं तिने तिथे आवक-जावक टेबल सांभाळलं. तिची जीभ इतकी तिखट झाली की वरिष्ठसुद्धा तिच्या टेबलावरून मुकाट्याने जायचे. घरच्या लग्नांत फोटोची वेळ आली की ती स्वयंपाकघरात सापडायची. आमच्याकडे तिचा एकही धड फोटो नव्हता.

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातल्या एका मुलीने मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि मोठा करून, चौकट लावून, निरोपाच्या कार्यक्रमात तिच्या हातात ठेवला. त्या मोबाइलने आपल्या अकलेने तिचा चेहरा सुधारला होता. डाग पुसले होते, सगळा चेहरा एका रंगाचा केला होता, वर गाल जरा गुलाबी. ताईने तो सगळ्यांसमोर उलटा करून टेबलावर ठेवला. आता ती आरे-वारेच्या रस्त्यावर एका गावात दोन खोल्यांच्या घरात राहते. पहिल्यांदा तिच्याकडे गेलो तेव्हा तो फोटो तिने माझ्यापुढे टाकला.

"ही कोण बाई?" तिने विचारलं.

मी चौकट उचलून उजेडात धरली.

"तुझ्या त्या जुन्या डब्यात असलं काही होत नाही ना?"

जुना डबा म्हणजे माझा कॅमेरा. आमचे मामा बोटीवर होते, त्यांनी आणलेला. त्याला रेंजफाइंडर म्हणतात. त्यात लेन्समधून दिसत नाही, बाजूच्या एका लहान खिडकीतून बघायचं. खिडकीच्या मधोमध एक पिवळसर ठिपका असतो, त्यात समोरच्या वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्स फिरवत जायची. दोन्ही एकमेकींवर बसल्या की फोकस झाला. मी सुट्टीच्या दिवशी त्यावर रोल काढतो आणि घरच्या बाथरूममध्ये स्वतः धुतो. मी म्हटलं, "नाही होत. जे आहे तेच येतं."

"मग काढ माझा एक. पण लांबून काढायचा. ते डबडं घेऊन माझ्या तोंडात शिरायचं नाही."

इथेच अडचण होती. माझ्याकडे पन्नास मिलिमीटरची लेन्स होती. तिने माणसाचा नुसता चेहरा घ्यायचा तर हाताच्या अंतरावर जावं लागतं, आणि तेवढ्या जवळून नाक मोठं दिसतं ते वेगळंच. लांबून चेहरा घ्यायला जरा ओढून घेणारी लेन्स लागते. महिनाभर मी मोबाइलवर वाचत बसलो. पंचाहत्तर, नव्वद, एकशे पस्तीस. कुठल्या लेन्सने किती भाग येईल ते दाखवणाऱ्या चौकटी खिडकीत आखलेल्या असतात; पंचाहत्तरची चौकटच माझ्या कॅमेऱ्याच्या खिडकीत नव्हती, ती बाद. उरल्या दोन. मुंबईच्या विक्रेत्यांकडे होत्या, पण न बघता मागवायची माझी तयारी नव्हती. मग कॅमेऱ्याची हौस असलेला एक ओळखीचा म्हणाला, "अरे, त्या स्टुडिओवाल्याकडे दोन्ही आहेत. त्याच्या वडिलांच्या. कॅमेरा कधीच मेला, लेन्स पडून आहेत."

दोन आठवडे मी गेलो नाही. मग एका दुपारी गेलो.

तो काउंटरमागे बसून पासपोर्टचे फोटो कापत होता. मला बघून त्याने कात्री खाली ठेवली नाही.

"आज काय मोजायचं आहे?" तो म्हणाला.

"तुमच्याकडे लेन्स आहेत असं कळलं."

"आहेत."

"विकायच्या आहेत?"

मला वाटलं हाकलून देणार. पण त्याने खालचा ड्रॉवर ओढला आणि बनियनच्या जुन्या कापडात गुंडाळलेल्या दोन लेन्स काढून काचेवर ठेवल्या. आखूड ती नव्वद, लांब ती एकशे पस्तीस.

"कशाला पाहिजे?"

"माणसाच्या चेहऱ्याला."

"किती लांबून काढणार?"

"दहा फूट तरी."

"दहा फूट? तो माणूस चावतो काय?"

ताईबद्दल त्याच्याशी बोलायचं नव्हतं. मी नव्वद उचलली आणि दारातल्या उजेडात धरली. पुढच्या काचेवर बारीक बारीक ओरखडे होते, कोणीतरी वर्षानुवर्षं सदऱ्याच्या टोकाने पुसावी तसे. मग एकशे पस्तीस धरली. काच नितळ. रिंग लोण्यासारखी फिरत होती.

"नव्वद घ्या," तो म्हणाला. "सहा फुटांवर उभे राहा. चेहरा बरोबर येतो."

"हिच्या काचेवर ओरखडे आहेत."

"त्याने काय होत नाय. ती वापरलेली आहे. माझ्या बाबांनी सगळी रत्नागिरी काढली तिच्यावर."

"आणि ही?"

"ही तुमच्या कॅमेऱ्याला जमायची नाय. हिची चौकट खिडकीत टिकलीएवढी दिसते. आणि कॅमेऱ्याचं मोजमाप केसभर जरी चुकलेलं असलं ना, तर नव्वद थोडंफार सांभाळून घेते. ही घेत नाय." मग त्याने कात्री परत उचलली. "पण तुमचं मोजमाप चुकत नाय म्हणा."

ते शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. त्याआधीचं सगळं खरं होतं हे मला आज माहीत आहे. पण त्या क्षणी मला फक्त टोमणा ऐकू आला, आणि टोमण्याबरोबर अख्खा सल्ला खोटा वाटला. हा माणूस मला ओरखडे पडलेली गळ्यात मारतो आणि चांगली आपल्याकडे ठेवतो. दुसरं काय? चार वर्षं माझ्या वाटेवर थुंकणारा माणूस मला चांगली लेन्स कशाला देईल?

"हीच द्या," मी लांब लेन्सवर बोट ठेवलं.

"पुन्हा सांगतो, नको."

"तुम्हाला विकायची आहे की नाही?"

त्याने ती कापडात गुंडाळून माझ्याकडे सरकवली. सांगितली ती किंमत मी घासाघीस न करता दिली. त्याच्याशी घासाघीस करणं म्हणजे अजून दहा वाक्यं बोलणं.

पुढच्या रविवारी सकाळी ताईकडे गेलो. तिने अबोली रंगाची साडी नेसली होती आणि केस आवरून बांधले होते. एवढ्या तयारीबद्दल मी काही बोललो असतो तर तिने उठून आत जायला कमी केलं नसतं. मी अंगणात खुर्ची मांडली, चिऱ्याच्या भिंतीला जवळ जवळ टेकवून, कारण तिथे सावली होती. पावलाला पाऊल लावून दहा पावलं मोजली. तेवढ्यात ती ओरडली, "मोजतोस काय? जमीन आहे का मी?"

तिला बसवलं. तिची उजवी बाजू उजेडाकडे येत होती. मी म्हटलं, "ताई, जरा डावीकडून... म्हणजे तोंड तिकडे वळव. अजून थोडं. हां, आता डोळे फक्त माझ्याकडे."

ती वळली. एक शब्द बोलली नाही. ताई बोलत नाही तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं हे मला ठाऊक आहे, पण मी खिडकीतल्या टिकलीएवढ्या चौकटीत तिचा चेहरा बसवण्यात गुंग होतो. तिच्या डाव्या डोळ्यावर दोन्ही प्रतिमा नीट जुळवून मी छत्तीसच्या छत्तीस फोटो काढले. अर्धा तास लागला. शेवटी ती उठली, म्हणाली, "झालं ना? आता चहा विचारू नको, दूध नासलंय." आणि आत गेली.

त्याच संध्याकाळी रोल धुतला. वाळल्यावर भिंग लावून बघितला. चिऱ्याच्या भिंतीतली भोकं न् भोकं मोजता येत होती. एका भोकातली मुंगीसुद्धा दिसत होती. आणि भिंतीच्या पुढे ताईचा चेहरा, पाण्याखाली धरल्यासारखा. छत्तीसही तसेच. एकातही डोळा धड नाही.

मला दुसरं काही सुचलंच नाही. त्याने मुद्दाम खराब लेन्स दिली. "नको, नको" म्हणत माझ्या हातात तीच पडेल अशी व्यवस्था केली. सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी स्टुडिओत घुसलो. एक नवरा-बायको फोटोसाठी केस विंचरत आरशापुढे उभे होते. मी निगेटिव्ह काउंटरवर आपटल्या.

"विहिरीचा सूड असा घेता?" मी मोठ्याने बोललो. "माझ्या बहिणीचा फोटो होता. आयुष्यात पहिल्यांदा बसली ती. तुमच्या भंगारामुळे गेला."

ते नवरा-बायको फणी हातात धरून थिजले. म्हाताऱ्याने निगेटिव्ह उजेडाकडे धरल्या. घाई केली नाही. मग हात पुढे करून म्हणाला, "कॅमेरा."

"कशाला?"

"कॅमेरा द्या इकडे."

कॅमेरा घेऊन तो मागच्या जिन्याने गच्चीवर गेला. मी मागोमाग. त्याने लांबच्या मोबाइल टॉवरकडे कॅमेरा रोखला, लेन्स शेवटपर्यंत फिरवली, क्षणभर बघितलं आणि कॅमेरा माझ्याकडे दिला.

"किती टॉवर दिसतात?"

मी बघितलं. पिवळ्या ठिपक्यात दोन होते, शेजारी शेजारी, मध्ये बारीक फट.

"दोन," मी म्हटलं.

"आहेत किती?"

मी कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला.

"लेन्स ठणठणीत आहे. कॅमेरा कुठेतरी आपटलाय तुमचा. पन्नासवर चालून गेलं, उन्हात कोणाला कळतंय. हिच्यावर कसं चालेल? मी तेव्हाच सांगितलं होतं." मग त्याने विचारलं, "रोज सकाळी मशीन तपासता ना साहेब? हे कधी तपासलंत?"

कॅमेरा आपटला होता. मागच्या वर्षी आरे-वारेच्या खडकावर, माझ्याच खांद्यावरून घसरून. काच फुटली नाही म्हणून मी विसरून गेलो होतो. हे मी त्याला सांगितलं नाही. मी म्हटलं, "दुरुस्त करता येईल?"

"येईल. अर्ध्या तासाचं काम आहे."

"मग?"

"मी नाय करणार."

खाली त्या नवरा-बायकोंच्या देखत मी निगेटिव्ह गोळा केल्या. एक खाली पडली होती, ती वाकून उचलली. माफी मागावी असं वाटलं नाही, हे खोटं. वाटलं. पण तो फोटो कापायला बसला होता आणि त्याचा चेहरा असा होता की मागितली असती तर त्याने ती बाजूला थुंकली असती.

कॅमेरा मीच उघडला. घड्याळजीकडून बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणला, मोबाइलवर व्हिडिओ बघितले, आणि दोन दिवसांच्या खटपटीनंतर दोन टॉवरांचा एक झाला. मग ताईला फोन केला.

"फोटो नीट आले नाहीत. पुन्हा बसावं लागेल."

"का नाही आले?"

मी सगळं सांगितलं. म्हणजे माझ्या सोयीचं सगळं. स्टुडिओवाला किती नीच आहे, त्याने मला गिऱ्हाइकांसमोर कसं हिणवलं, विहिरीची जुनी गोष्ट, दुकान कुठल्या वळणावर आहे तेही. ती शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाली, "मी एकदा बसले. आता बसणार नाही." आणि फोन ठेवला.

महिना-दीड महिना गेला. एका सकाळी मी बाजारातून स्कूटरवर चाललो होतो. स्टुडिओसमोर कोणीतरी टेम्पो आडवा घातला होता म्हणून थांबलो, आणि शोकेसकडे नजर गेली. नवरीचे दोन फोटो, एका बाळाचा, आणि मधोमध ताई.

चेहरा समोरून. उजवी बाजू पूर्ण उजेडात. गालावरचा पांढरा डाग आपल्या सगळ्या कडांसकट, नकाशावर बेट असावं तसा स्पष्ट. डोळ्यांत तीच ती वरिष्ठांना पळवून लावणारी नजर, आणि ओठ किंचित वर गेलेले, म्हणजे कोणाला तरी नुकतंच काहीतरी लागट बोलून झालेलं. फोटो उत्तम होता. तो इतका चांगला नसता तर मला बरं वाटलं असतं.

टेम्पो गेला, मागून हॉर्न वाजायला लागले. मी स्कूटर कडेला लावली आणि आत गेलो.

"तो फोटो काढा."

"का?"

"माझी बहीण आहे ती."

"माहीत आहे. त्यांनी सांगितलं. 'मोजणीवाल्याची बहीण आहे, आता तुमचं काय म्हणणं?' असं म्हणून बसल्या त्या." त्याला हसू येत होतं आणि तो ते दाबत नव्हता. "त्यांनी सांगितलं तर काढीन. तुम्ही सांगून नाय."

मागच्या टेबलावर त्याचा नवा कॅमेरा होता आणि त्याला कसली तरी रिंग लावून ती ओरखड्यांची नव्वद बसवलेली होती.

मी तिथेच निघून जायला हवं होतं. पण तोंडून गेलं, "ती नव्वद विकणार का?"

"नाय."

"त्या दिवशी विकत होतात."

"त्या दिवशी तुम्ही गिऱ्हाईक होतात. मग माझ्या दुकानात येऊन मला चोर म्हणालात."

"तुम्ही मला चार वर्षं चोर म्हणताय."

"होय. म्हणतोय." त्याने मान हलवली. "अजून म्हणणार."

त्या रविवारी मी ताईकडे गेलो. ती अंगणात बसून बांगडे साफ करत होती. मी उभ्यानेच सुरुवात केली. "गावभर नातेवाईक आहेत आपले. बाजारात, भर रस्त्यावर... मला एका शब्दाने विचारलं नाहीस."

"तुला कशाला विचारू? चेहरा तुझा आहे?"

"आणि त्याच्याकडे? सगळी रत्नागिरी सोडून त्याच्याकडेच?"

"तू एवढ्या शिव्या घालत होतास, म्हटलं बघून तरी येऊ." तिने एका बांगड्याचं डोकं उडवलं. "बस खाली. मान दुखते वर बघून."

मी पायरीवर बसलो.

"त्याने पहिल्यांदा काय विचारलं माहीत आहे? म्हणाला, बाई, कुठल्या बाजूने काढू? मी म्हटलं, तुम्हीच सांगा. म्हणाला, मला काय, मला दोन्ही सारख्या. तुमचं तुम्ही ठरवा." सुरी थांबली. "तू विचारलंस?"

"मी तुझ्या चांगल्यासाठी..."

"ती मोबाइलवाली पोरगीपण माझ्या चांगल्यासाठीच करत होती. तिने पुसलं, तू वळवलंस. फोटो बिघडला म्हणून मला राग नाही आला मेल्या. खुर्चीवर बसल्या बसल्या आला."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू दहा पावलांवर होतास. ओरडून बोलायची गोष्ट आहे का ती?"

"तूच लांबून सांगितलं होतंस" हे ओठावर आलं होतं, आणि ते खरंही होतं, पण ते बोलून मी जिंकलो नसतो. तिने बांगडे धुतले, मीठ-हळद लावलं, आणि आत जाताना म्हणाली की जेवायचं असेल तर थांब, नसेल तर फाटक लावून जा. मी थांबलो. आम्ही फारसं न बोलता जेवलो.

पुढे म्हाताऱ्याच्या अर्जावर फेरमोजणी झाली. वरचे अधिकारी आले, त्यांचं मशीन वेगळं, माणसं वेगळी. हद्द मी खूण केली होती तिथेच निघाली. म्हातारा ह्या वेळी काही बोलला नाही. विहिरीच्या कठड्यावर हात ठेवून उभा होता, आणि शेजाऱ्याचे लोक दगड रोवायला लागले तेव्हा छत्री उघडून चालू पडला. मी बरोबर होतो. बरोबर ठरल्याचं सुख मला किती दिवस पुरेल असं वाटलं होतं, ते घरी पोचेपर्यंतही पुरलं नाही. त्याने माझ्याबद्दल बोलणं मात्र थांबवलेलं नाही. आता तो म्हणतो वरचेही मिळालेले आहेत.

एकशे पस्तीस मी कोल्हापूरच्या एकाला देऊन टाकली. नव्वद दुसरीकडून मिळेल, मुंबईच्या विक्रेत्याकडे आहे अजून. मागवलेली नाही.

ताई महिन्यातून एकदा औषधं घ्यायला रत्नागिरीत येते. स्टँडवरून मी तिला स्कूटरवर घेतो. औषधं झाली की ती म्हणते, "स्टुडिओवर सोड." तो तिच्यासाठी चहा मागवतो, दोघं बसून मंडणगडचे रस्ते, डॉक्टर, पावसाळी छत्र्या, कशाकशाला नावं ठेवतात. मी वळणावर, दुकानाच्या अलीकडे थांबतो. दुकानासमोर गाडी लावत नाही. पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास, उन्हात हेल्मेट हातात धरून. आतून तिचं हसणं ऐकू येतं. मग ती बाहेर येते, मागे बसते, आणि मी विचारलेलं नसताना सांगते, "तुझ्याबद्दल काही बोलत नव्हतो हो आम्ही."